ज्याला येत नाही, त्याचा हात वर

"ज्याले येते त्यानं हात खाली. ज्याले येत नाही, त्यानं वर!"

प्रश्न विचारला की धाडच्या शाळेतले आमचे गुरुजी असं म्हणायचे आणि टोपी काढून टेबलावर ठेवायचे. टोपी निघाली की समजायचं, आता घाई नाही.

मुलांनो, चांगला शिक्षक कसा असतो, असं तुम्ही फोनवर विचारलंत. मला धड बोलता आलं नाही. या माणसाची आठवण आली की अजून संताप येतो. म्हणून लिहिते आहे.

वर झालेल्या हातापाशी जाऊन गुरुजी उकिडवे बसत. "कुठं अडलं?" अडलेलं सुटेपर्यंत उठत नसत. मला बहुतेक सगळं यायचं, म्हणून मी हात मांडीवर ठेवून चरफडत बसायची. एकदा गावातले एक बडे शेतकरी शाळेत आले.

"आमच्या पोराले सारं येते. त्याले काऊन नाही इचारत, गुर्जी?"

"येते नं? मंग त्याले माही काय गरज, भाऊ?"

भाऊ तणतणत गेले.

दाराजवळ वच्छी बसायची, बौद्धवाड्यातली. आधीच्या मास्तरांनी तिला कधी काही विचारलंच नव्हतं. गुरुजी आल्यावर तिचा हात आधी कानापर्यंत आला, मग डोक्यावर. पुढे तर ती दोन्ही हात वर करू लागली.

"एकच पुरे व माय, उडून जाशीन!"

मग तपासणी आली. महाराष्ट्र नुकताच झाला होता. पुण्याकडच्या साहेबांनी विचारलं, "आपल्या राज्याची राजधानी कोणती?" अर्ध्या वर्गाचे हात वर. साहेब खूश. त्यांनी वच्छीकडे बोट केलं. ती खणखणीत म्हणाली, "मले नाही येत, साहेब."

शेजारची म्हणाली, "मलेबी नाही."

तिसरा तर हसत हसत उठला. साहेबांचा चेहरा लाल झाला. मी उभी राहिले. "साहेब, आमच्यात ज्याले येते त्याचा हात खाली राह्यते. मले येते. मुंबई."

"तुला विचारलं? बस खाली!"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "साहेब, 'येत नाही' एवढं म्हन्याले या पोरीले लय दिवस लागले."

"अज्ञानाचं कौतुक करता?" साहेब म्हणाले, आणि निघाले.

गुरुजींची बदली सोनाळ्याला झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. गावातल्या एकाही मोठ्या माणसाने शब्द काढला नाही. भाऊ तर "बरं झालं" म्हणाले. नव्या मास्तरांनी वर्ग सरळ केला: येतं त्याने हात वर करायचा, बाकीच्यांनी गप्प बसायचं. पुढच्या तपासणीत आम्हाला शाबासकी मिळाली. वच्छी तेव्हा लोकांच्या शेतात निंदायला जात होती.

मी पुढे इंग्रजीत पदव्या घेतल्या. शिक्षणावर थोर थोर भाषणं ऐकली. त्या वक्त्यांपैकी एकही कुणापाशी उकिडवा बसलेला मला दिसला नाही.

गुरुजी गेले त्या सकाळी त्यांची वळकटी एसटीच्या टपावर चढली. ते खिडकीत, आम्ही खाली. वच्छीने हात वर केला.

"काय अडलं व माय?"

"तुमी काऊन जाऊन राह्यले, थे नाही समजत, गुर्जी."

गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली.

धुरळा खाली बसला, तरी तिचा हात वरच होता.