मी खाल्लं नव्हतं

नर्सनं माझी पिशवी खाटेवर रिकामी केली. फणी पडली, धुतलेलं पोलकं पडलं, कुंकवाची डबी पडली आणि कागदात गुंडाळलेला खोबऱ्याचा तुकडा. डॉक्टरांनी तो दोन बोटांत धरून मागच्या पाच-सहा शिकाऊ डॉक्टरांना दाखवला. इंग्रजीत काहीतरी म्हणाले. सगळे हसले. मग माझ्याकडे वळून कन्नडमध्ये, "एनु तिंदे? निज हेळु." काय खाल्लंस, खरं सांग.

मी काहीच खाल्लं नव्हतं. तो प्रसाद होता. अक्का, माझी थोरली बहीण, सकाळी गणपतीला नारळ फोडून आली होती, माझ्या पोटासाठीच. प्रसाद टाकून कसा द्यायचा, म्हणून तिने तो माझ्या पिशवीत ठेवला. दोन दिवस माझ्या पोटात घोटभर पाणी ठरत नव्हतं. हिरवं ओकत होते. बेंबीच्या वर पीळ पडायचा, धुणं पिळतात तसा, आणि मी उशी चावायचे.

"सुळ्ळु," डॉक्टर म्हणाले. खोटं. "ह्या बायका अशाच. तोंड आवरत नाही."

माझ्या पोटाला त्यांनी हातही लावला नाही.

ही गेल्या वर्षीची, त्र्याण्णवची गोष्ट. मी होसूर रोडवरच्या एका गार्मेंट फॅक्टरीत शर्टांना कॉलर लावायचे. वजन एकशे अठरा किलो. सुपरवायझर सगळ्या लाइनदेखत म्हणायचा, "हिला दोन स्टुलं द्या रे." गुडघे गेलेले, साखर वाढलेली. मालकांच्या ओळखीचे हे डॉक्टर परदेशात शिकून आले होते. जठर छोटं करायचं, आतडं कापून दुसरीकडे जोडायचं, असं वजन उतरवायचं नवं ऑपरेशन. पहिल्या काही बायकांना फुकट. पैसेवाल्यांना हात लावण्याआधी हात बसवायला आम्ही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. दानाच्या गाईचे दात मोजायचे नसतात, अक्का म्हणाली, आणि मी त्यांच्या नर्सिंग होममध्ये जाऊन आडवी झाले.

सात महिन्यांत चाळीस किलो उतरले. डॉक्टरांनी माझे फोटो काढले, आधीचा आणि नंतरचा. फोटोतली बाई त्यांना फार आवडायची. दुखतंय म्हणणारी आवडली नाही.

पिशवीत खोबरं सापडलं त्याच दुपारी एक कागद आला. शिकाऊंमधल्या एका मुलीने तो मला हळू आवाजात कन्नडमध्ये वाचून दाखवला, तेवढी माणुसकी तिच्यात होती. पेशंटने पथ्य मोडलं. त्यामुळे त्रास झाला. आता स्वतःच्या मर्जीने घरी जाते. खाली सही.

"सही कर की गं," अक्का म्हणाली. "मोठी माणसं आहेत. उद्या परत गरज लागली तर?"

मी पेन घेतलं. खरंच घेतलं. सांगायला लाज वाटते, पण दोन दिवसांत माझाच माझ्यावर विश्वास राहिला नव्हता. झोपेत आपण काही खाल्लं तर नसेल, असंही मनात येऊन गेलं.

मग अण्णा आठवले. आमचे वडील, शिंपी, चिकपेटेच्या बोळात दुकान. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की ते आधी शिवण उसवून बघायचे. "तुम्हीच जाड झालात" असं पहिल्या तोंडी म्हणायचं नाही, हा दुकानाचा नेम. चूक अंगाची की शिवणीची, ते उसवल्याशिवाय कळत नाही म्हणायचे. जेमतेम चार बुकं शिकलेला माणूस. आणि हा परदेशात शिकलेला, आपली शिवण बघायला तयार नाही. माझं डोकं फिरलं.

मी पेन ठेवलं, डॉक्टरांना बोलवा म्हटलं. आले, घड्याळ बघत.

"मी खाल्लेलं नाही," मी म्हणाले. "आत तुमच्या शिवणीत काहीतरी बिघडलंय. एक्स-रे काढा. मी सही करणार नाही."

"फुकट ऑपरेशन केलं, त्याचे हे पांग फेडतेस?"

"फुकट केलंत. पोट माझं होतं."

एक्स-रे काढला नाही. मी सही न करता निघाले. ऑटोत अक्का रडत होती, मी ओकत होते. सरकारी हॉस्पिटलात खाट नव्हती, जमिनीवर गादी मिळाली. तिथल्या सर्जन बाईंनी गुडघ्यावर बसून आधी पोट दाबून बघितलं, मग विचारलं, कधीपासून? त्याच दिवशी पोट उघडलं. पहिल्या ऑपरेशनात जोडणीपाशी एक फट उघडी राहिली होती. तिच्यातून आतडं घुसून त्याला पीळ बसला होता. हातभर आतडं काळं पडलेलं, कापून टाकावं लागलं. आणखी एक दिवस गेला असता तर मी नसते, असं बाई म्हणाल्या.

खोटं कोण बोलत होतं, ते माझ्या पोटात सापडलं.

आता दिवसातून सहा-सात वेळा संडासला पळावं लागतं, म्हणून फॅक्टरी सुटली. घरी ब्लाउज शिवते. मंगळवारी मात्र मशीन बंद. मंगळवारी त्या नर्सिंग होममध्ये फुकटच्या ऑपरेशनसाठी नव्या बायका येतात. मी फाटकाशी बसते. करू नका म्हणत नाही. गुडघे माझेही गेले होते. सही करण्याआधी कागद वाचून घ्या म्हणते. दुखलं तर पोट तपासाल ना, हे आधी विचारा म्हणते. सरकारी हॉस्पिटलचा कागद दाखवते. विश्वास बसला नाही तर पदर बाजूला करून पोट दाखवते. मला त्याची लाज वाटत नाही. वॉचमन हाकलतो, मी रस्त्यापलीकडे जाऊन बसते.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांचा निरोप आला, तुला पाहिजे तरी काय?

मी उलटा निरोप पाठवला. त्या दिवशी हसलेले सगळे जण बोलवा. त्यांच्यासमोर म्हणा, ही बाई खरं बोलत होती, मी तिला तपासलं नाही. आणि इंग्रजीत नको. मला समजेल असं म्हणा.

अजून उत्तर नाही. येत्या मंगळवारी मी फाटकाशी आहे.