पंचायतीच्या मागची माती

गुडघ्यावर दोष ढकलायचा तर ढकलता येईल. पण खरं सांगते, त्या दिवशी मला कंटाळा आला होता.

मी खालापूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीची ग्रामसेविका. आमच्याकडं ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणायची रीत. माझ्या आधीचे सगळे पुरुषच, त्यामुळं गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्या मलाही अजून ‘ओ भाऊसाहेब’ अशीच हाक मारतात. त्या वर्षी वरून कागद आला. स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीचा समारोप दिल्लीत होणार, गावागावातली मूठभर माती तिथं जाणार, एका मोठ्या कलशात एकत्र होणार, सोबत नाच, गाणी, सगळ्या राज्यांचे पोशाख. असल्या कागदांची मला सवय होती. झाडं लावा, फोटो पाठवा. शपथ घ्या, फोटो पाठवा. फोटो गेला की काम झालं.

गावची माती आम्ही देवळासमोरून वाजतगाजत काढली. शाळेतल्या मुली लेझीम खेळल्या, सरपंचांनी टोपी घातली. सगळं आटोपून चहाचा कप तोंडाला लावते तोच तालुक्याहून साहेबांचा फोन.

“मॅडम, तुमच्या त्या दरडीच्या वाडीची माती वेगळी पाहिजे. वेगळ्या कलशात. उद्या दहाच्या आत.”

दरडीची वाडी. एका पावसाळ्यात तिचं मूळ नावच गेलं. आमच्याच पंचायतीतली, डोंगरावरची ठाकरांची वाडी. त्या पावसात वरचा उतार खाली आला आणि कडेची घरं घेऊन गेला. उरलेल्या माणसांना चौक गावाच्या पुढं, हायवेच्या कडेला पत्र्याच्या खोल्या दिल्या. वर जायची पायवाट तुटली होती. ‘धोकादायक, वर जाण्यास मनाई’ असा बोर्ड पायथ्याला लावला होता, आणि त्याच्याखाली सही माझीच होती.

सकाळी हस्ताचा पाऊस धो धो. वर जायचं म्हणजे दीड तासाची चढण, ती निसरडी, आणि माझा गुडघा आधीच बोंब मारणारा. मी पंचायतीच्या मागं गेले. तिथं जास्वंदीचं झाड आहे, आमचा शिपाई त्याच्या बुडाशी चहाचा चोथा टाकतो. खुरप्यानं चार मुठी माती खरवडली, चोथा बोटांनी वेचून काढला, मडकं भरलं, वर लाल फडकं बांधलं, वाडीच्या नावाची चिठ्ठी लावली. फोटो काढला. दहाला दहा मिनिटं कमी असताना कलश तालुक्याला पोचवला. वेळ मारून नेली.

चौथ्या दिवशी साहेबांचा पुन्हा फोन. वाडीचा कलश वाडीच्याच माणसानं दिल्लीला न्यायचा, आणि सोबत तुम्ही जायचं. माणूसही त्यांनीच ठरवला होता. नाव ऐकून मी साहेबांना ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

तो चाळिशीचा असेल. साजगावच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडं माल चढवायचं काम करायचा. दरड आली तेव्हा पाळीवर होता म्हणून वाचला. मूलबाळ नव्हतं, बायको होती. बाकीची सगळी माणसं सापडली, ती सापडली नाही. शोधपथकं खाली उतरली, शोध थांबला, आणि तिच्या मृत्यूचा दाखला मीच लिहून त्याच्या हातात दिला. त्यानं तो घडी घालून खिशात ठेवला.

“दाखला ऱ्हाऊ दे ताई,” तो म्हणाला. “तिला माती द्यायची हाय अजून.”

त्यांच्यात माणूस पुरतात. पुरताना घरच्यानं आणि वाडीतल्या प्रत्येकानं एकेक मूठ माती द्यायची. ती दिल्याशिवाय माणूस गेलं असं म्हणत नाहीत. दिवस घालत नाहीत, घरचा माणूस दाढी करत नाही. म्हणून दर रविवारी हा कुदळ आणि घमेलं घेऊन एकटा वर जायचा आणि खणायचा. माझ्या बोर्डाच्या बाजूनं जायचा, आणि मी न बघितल्यासारखं करायचे. लाकडाला, पाल्याला वर जाणाऱ्या बायांना सांगून ठेवायचा, “लाल वायर दिसली तर आवाज द्या गं.” तिची काळ्या मण्यांची पोत तुटली होती, ती त्यानं कारखान्यातल्या लाल वायरीनं सांधून दिली होती.

आता तुम्हीच बघा. दर रविवारी वर जाणारा माणूस. त्याला मी नुसतं म्हटलं असतं, बाबा, येताना मूठभर माती आण, तर त्यानं घमेलंभर आणून दिली असती. मला सुचलंसुद्धा नाही. ते सरकारी काम होतं ना!

कलश घ्यायला तो पंचायतीत आला. दोन्ही हातांनी धरला.

“ताई, तुमी वर गेलावता?”

“गेले होते.”

“लय घसरतंय ना?”

“हो ना, लय.”

“कुठनं काढली?”

“तुमची घरं होती ना, तिथनंच.”

त्यानं कलशाच्या फडक्यावरनं हात फिरवला. “मंजी तिच्या अंगावरचीच,” म्हणाला, आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागं घेतले नाहीत. आजही आठवलं की माझे मलाच चार शब्द सुनवावेसे वाटतात.

दिल्लीच्या रेल्वेत सगळ्या तालुक्यांची तरुण मुलं होती. गाणी, भेंड्या, वेफर्सच्या पुड्या, नुसता धिंगाणा. बाकीच्यांचे कलश वर बॅगांमध्ये. ह्याचा मांडीवर. एका हातानं जेवला, बसल्या बसल्या झोपला. मोरीकडं जाताना तेवढा माझ्याकडं द्यायचा, “धरा हां नीट” म्हणून. मी धरायचे. सांगून टाकावं असं चारदा ओठांवर आलं. पण सांगून करायचं काय? गाडी माघारी फिरवता येत नव्हती. नोकरीची भीती होती, लाज होती, आणि खरं म्हणजे त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

दिल्लीत मैदानभर तंबू. इकडं पंजाबचे ढोल, तिकडं आसामच्या मुली, आमची लेझीम, नऊवारीतल्या बाया, कुणाच्या डोक्यावर मोराची पिसं तर कुणाच्या हातात भाले. दिवसभर तालमी. खोटं का बोलू, बघून डोळे दिपले होते. पोशाख वाटणारा एक पोरगेला माणूस याच्याजवळ आला, यादी बघितली, आणि पिसांचा मुकुट काढून त्याच्या डोक्यावर ठेवायला लागला. “आदिवासी है ना? ये पहनना पड़ेगा.”

माझं डोकंच फिरलं. “इनके वाडी में पंख सिर्फ मुर्गी को रहता है!” मी ओरडले. “रखो उधर!” आसपासचे हसले, तोही हसला. दाढी वाढल्यापासून मी त्याला पहिल्यांदा हसताना बघत होते. मग तो कारखान्याच्या पँटीवर, धुतलेला पांढरा सदरा घालून रांगेत उभा राहिला. चारचौघांत त्याची बाजू घ्यायला मला काही वाटलं नाही. जे बोलायला पाहिजे होतं ते मात्र तसंच राहिलं.

मैदानाच्या मधोमध तो मोठा कलश. माणसाच्या उंचीचा, बाजूनं पायऱ्या. राज्याचं नाव पुकारलं की तिथली माणसं चढायची, माती ओतायची, मोबाईलवर आपलाच फोटो काढायची, उतरायची. पडद्यावर सगळं मोठं दिसत होतं. आमची पाळी आली. मी त्याच्या मागच्या पायरीवर होते. त्यानं लाल फडकं सोडलं, आत बघितलं, आणि तसाच थांबला.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “काळी दिसतीय वो.”

माझं माहेर कर्जतकडचं, भातशेतीचं. डोंगराची माती तांबडी, खडेवाली, आणि खालची काळी, चिकण, हे मला कुणी सांगायला नको. त्याला तर नकोच नको. शेवटची संधी होती ती. मी म्हटलं, “पावसात काढलीय रे. ओली म्हणून काळी दिसते.”

त्यानं मान हलवली. ओतली. मग मडक्यात बोटं फिरवून कडेची, बुडाची, सगळी माती पुसून काढली आणि तीही टाकली. तोंडानं काहीतरी पुटपुटत होता. मागून एक स्वयंसेवक, “चलिए भाईसाब, चलिए, आगे बढ़िए.” तो हलेना. खाली ढोल वाजायला लागले, हजारो माणसं उठून उभी राहिली, आणि हा पायरीवर उभ्या उभ्या ढसाढसा रडला.

खाली उतरल्यावर त्यानं डोळे पुसले. “झालं ताई,” म्हणाला. “तिच्या मातीला मानसं बगा किती आली.”

परत आल्यावर त्यानं दाढी केली. दिवस घातले. पत्र्याच्या खोल्यांपुढं सगळ्या वाडीला जेवण घातलं, मलाही आग्रहानं बोलावलं. मी गेले, मांडीला मांडी लावून बसले, दोनदा भात घेतला. त्यानंतर तो वर खणायला गेला नाही. कुदळ शेजाऱ्याला देऊन टाकली. पाळीला वेळेवर जायला लागला, चौकला भेटला की “बरं हाय ना ताई?” म्हणायचा. मीही मनाची समजूत घातली. खोट्यानं का होईना, माणूस माणसात आला. कुणाचं काय बिघडलं?

पुढच्या वैशाखात वाडीच्या बाया करवंदांना वर गेल्या. दरडीच्या खालच्या अंगाला, ओढ्यानं पोखरलेल्या जागी त्यांना हाडं दिसली. आणि काळे मणी. मण्यांत लाल वायर.

मला पोलीस पाटलांचा फोन आला. “पंचनामा झाला मॅडम, दुपारी पुरायचंय. पन नवराच यायला तयार नाय. म्हंतो, ती माजी नाय. माजी बायको दिल्लीला गेली. मानसं म्हंतात याचं डोकं फिरलं. तुमचं ऐकतो तो, तुमी या.”

मी गेले. तो खोलीच्या दारात बसून चपलेचा अंगठा शिवत होता.

“लाल वायर आहे रे,” मी म्हटलं.

“असंल. कुनाचीबी असंल.” त्यानं वर बघितलंच नाही. “तुमी व्हता ना तितं? तुमच्यासमोरच तर वतली.”

त्या क्षणीही माझ्या जिभेवर एक तयार खोटं होतं, हे सांगताना मला लाज वाटते. म्हणणार होते, अरे, वरची माती तिकडं गेली, खालची ती इथं राहिली, दोन्ही तिचीच. पटलं असतं त्याला. माझं सगळंच पटायचं त्याला. आणि मीही सुटले असते.

“ती माती वाडीची नव्हती,” मी म्हटलं. “मी वर गेलेच नव्हते. पंचायतीच्या मागची होती.”

सुई चपलेत तशीच राहिली. हायवेवरनं टेंपो जात होते.

“काळी व्हती,” तो म्हणाला. “मी इचारलंवतं तुमाला.”

“हो.”

“दोनदा इचारलंवतं. हितं बी, आन तितं बी.”

“हो रे.”

“मंग तितं मी कुनासाठी रडलो?”

मला रडू फुटलं, आणि त्याचाही मला राग आला, कारण रडायची पाळी माझी नव्हती. तो उठला, शेजाऱ्याच्या दारातली कुदळ उचलली आणि चालायला लागला. मी मागोमाग. गुडघा ठणकत होता, ठणकू दे म्हटलं. ज्या चढणीला मी कंटाळले होते ती त्या दिवशी पहिल्यांदा चढले, माझ्याच बोर्डाच्या बाजूनं.

वर वाडीतली सगळी जमली होती. खड्डा त्यानंच खणला, कुणाला हात लावू दिला नाही. हाडं एका नव्या लुगड्यात बांधली होती, मण्यांची पोत वर ठेवली. ठेवताना त्यानं वायरीची गाठ एकदा चाचपून बघितली. पहिली मूठ त्यानं दिली. मग बाया, बाप्ये, म्हातारी माणसं, एकेक जण वाकायचा, मूठ टाकायचा, बाजूला व्हायचा. ढोल नव्हते, पुकारा नव्हता. वीसेक माणसं असतील.

मीही रांगेत होते. माझी पाळी आली तशी मी वाकले, मूठ भरली. तांबडी माती, बारीक खड्यांची. हात पुढं केला तोच त्यानं आपला हात मध्ये आडवा धरला. आवाज चढवला नाही. माझ्याकडं बघितलंही नाही.

“तुमी नको, ताई.”

मी मूठ सोडली आणि मागं जाऊन उभी राहिले.