माझ्या नावावरचा पलंगपोस

गोदाअक्काविषयी लोक चांगलं बोलायला लागले की माझं डोकं उठतं. "तुझी अक्का म्हणजे गरीब गाय हो!" देवरूखपासून रत्नागिरीपर्यंत सगळे हेच म्हणतात, आणि म्हणताना चेहरा असा करतात, जणू तिला गरीब ठेवण्यात त्यांचा काही हातच नाही. माझा होता. किती होता ते मी सांगणार आहे, आणि ऐकून कोणी मला "जाऊ दे गो, लहान होतीस" म्हणू नये. चांगली अठ्ठावीस वर्षांची घोडी होते मी.

आमचे अण्णा देवरूखच्या बाजारात शिंपीकाम करायचे. अक्का थोरली, मधला संदेश आणि मी शेंडेफळ. अक्का वीस वर्षांची असताना आईला अर्धांगवायू झाला. मग अक्काचं लग्न "आई जरा बरी झाली की बघू" यावर जाऊन बसलं. आई काही बरी झाली नाही आणि दहा वर्षं गेलीही नाही. अक्का तिच्या उशाशी बसून क्रोशा विणायची. साखळी, खांब, मुका खांब, मग आईला कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, परत साखळी. दोऱ्याचा गुंडा घरभर पळू नये म्हणून ती तो दूध पावडरच्या डब्यात ठेवायची आणि झाकणाला भोक पाडून दोरा बाहेर काढायची.

त्या दहा वर्षांत तिनं स्वतःच्या रुखवताची पेटी भरली. तोरण, ताटांवरचे रुमाल, उशांचे अभ्रे आणि एक पांढरा पलंगपोस. एकशे चव्वेचाळीस चौकोन, प्रत्येकाच्या मधोमध आठ पाकळ्यांचं फूल आणि चार कोपऱ्यांत काजूच्या बीएवढी चार पानं. ती पानं कुठल्या पुस्तकातली नव्हती, तिच्या डोक्यातली होती. पेटीत ती नीट डांबरगोळ्या वगैरे घालून ठेवायची.

सत्त्याण्णवला आई गेली आणि अठ्ठ्याण्णवला स्थळ आलं ते मला. अक्का एकतीस वर्षांची झाली होती, तिच्याकडे कोणी बघितलंही नाही. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी बोलणी करतानाच विचारलं, "मुलीला विणकाम येतं ना?" अण्णा ठासून म्हणाले, "रुखवत बघाच तुम्ही." मला सुईत दोरा ओवायचा कंटाळा. पाहुणे गेल्यावर अण्णा अक्काला म्हणाले, "तुझ्या पेटीतलं दे तिला. तुझे हात कुठं पळून जातायत? परत करशील." अक्कानं हात पुसले. पेटी ओढून माझ्यासमोर उघडी केली.

आमच्याकडे रुखवतावर प्रत्येक वस्तूपुढे नवरीच्या नावाची चिठ्ठी लावतात. नवऱ्याकडच्या बायका मांडवात शिरल्या की आधी तिकडेच वळतात, वस्तू उलटसुलट करून टाके बघतात. घरात अक्षर फक्त अक्काचं चांगलं. तेव्हा तिनंच बसून एकोणीस चिठ्ठ्या लिहिल्या: 'विणकाम : चि. सौ. कां. वेदिका'. मी शेजारी मेंदीचे हात सुकवत बसले होते. "अक्का, अक्षर जरा मोठं काढ," असं मी तिला सांगितल्याचं मला चांगलं आठवतं.

सासर रत्नागिरीत. नवऱ्याचं राम आळीत कटलरीचं दुकान होतं. त्या घरात माझ्या बाजूनं बोलावं असं फारसं काही नव्हतं. कालवण मला जमेना, रंगानं मी सावळी, आणि पहिली मुलगी झाली. पण पलंगपोस होता! सासूबाई आल्यागेल्याला हाताला धरून आतल्या खोलीत न्यायच्या. "आमच्या सुनेच्या हातचा हो, एक टाका सैल दाखवून द्या," म्हणायच्या. तेवढ्यापुरतं मला त्या घरात बरं वाटायचं. मग त्या फर्माईश करायच्या, टीव्हीवर घालायला कर, देव्हाऱ्याला कर. मी "करते" म्हणायची आणि अक्काला पत्र टाकायची. पंधरा दिवसांत देवरूखहून येणाऱ्या कोणाबरोबर तरी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं यायचं. ते मी दोन दिवस कपाटात दडवायची आणि मग सुई हातात धरून "झालं बाई एकदाचं" म्हणत बाहेर यायची. नाटकात काम केलं असतं तर नाव काढलं असतं.

आई गेल्यावर अक्काला मोकळीक मिळेल असं कोणाला वाटत असेल तर तो भाबडा म्हणायचा. हात रिकामे दिसले तशी सगळ्यांना तिची आठवण यायला लागली. संदेशच्या बायकोच्या बाळंतपणाला वापीला, मावशीच्या ऑपरेशनला कोल्हापूरला, काकांच्या सुनेसाठी बेळगावला, माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी तर ती होतीच. कोकण रेल्वे नवीन होती, त्यामुळे बोलावणाऱ्यांची आणखी सोय झाली. प्रत्येक घरी ती बाळंतविडा घेऊन जायची. पिवळ्या नाहीतर मोरपंखी लोकरीचा स्वेटर, टोपरं, मोजे. दोन सुयांवरचं लोकरीचं काम दुसऱ्यांच्या पोरांचं. आणि डब्यातल्या पांढऱ्या दोऱ्याचं काम तिचं स्वतःचं. तिनं दुसरा पलंगपोस विणायला घेतला होता, तीच नक्षी, तीच पानं. एसटीत, रेल्वेत आणि दवाखान्यांच्या बाकड्यांवर बसून पाच वर्षांत तिनं तो जवळजवळ पुरा करत आणला.

कोणी विचारलं, "हे कोणासाठी गो?" तर ती सरळ सांगायची, "माझ्या पलंगावर घालायला." पस्तिशीच्या बाईनं असं म्हटलं की लोक तोंड वळवून हसायचे. मीही हसले आहे. तिला गरीब गाय म्हणणारे हे कधी सांगत नाहीत, की तिला लग्न करायचं होतं. तिला स्वतःचा नवरा हवा होता, स्वतःची चूल हवी होती, दार लावून घेता येईल अशी खोली हवी होती, आणि ते ती कोणापासून लपवत नव्हती.

आणि २००३ साली स्थळ आलं. आणलं कोणी, तर माझ्या सासूबाईंनीच. त्यांच्या बहिणीचा मुलगा सदू मालगुंडला पोस्टमन होता. चाळिशीचा, बायको वारून तीन वर्षं झालेली, मूल नाही. माणूस मितभाषी आणि सरळ. दिवाळीनंतर आमच्याच घरी बघायचं ठरलं. अक्का सकाळच्या गाडीनं आली, चहा दिला, आणि सदूभाऊजींच्या आईनं विचारलं, "येतं काय काय तुला?" अक्का आत जाऊन पिशवी घेऊन आली आणि सतरंजीवर नव्या पलंगपोसाचे सुटे चौकोन मांडले.

"कोणाकडं शिकलीस गो?" म्हातारीनं विचारलं.

"कोणाकडं नाय. हातानं करून करूनच. ही कोपऱ्यातली पानं हायत ना, ती माझी मीच बसवली," अक्का म्हणाली. स्वतःच्या कामाविषयी ती एवढं बोललेली मी पहिल्यांदाच ऐकलं. सदूभाऊजींनी एक चौकोन उचलून दोन्ही बाजूंनी बघितला आणि हसले.

सासूबाईही हसल्या, पण वेगळं. "तुझी कशी गो? ही तर आमच्या वेदिकाची नक्षी. पाच वर्षं आमच्या पलंगावर हाय." आणि त्यांनी सगळ्यांना उठवून आत नेलं. पलंगपोस पसरलेला होता. शेजारी सदूभाऊजींच्या हातात अक्काचा चौकोन. फरक करायला जागाच नव्हती. म्हातारीचा चेहरा उतरला.

"वेदिका, सांग गो, हा कोणी केला?" सासूबाई म्हणाल्या.

अक्कानं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनी विनवलं वगैरे नाही. मी आता खरं सांगेन याची खात्री, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं. 'अक्कानं', एवढा एक शब्द. मी म्हटलं, "मीच केला. नक्षीही मीच दिली तिला."

अक्काच म्हणाली, "व्हय. चुकून बोलले मी." आणि वाकून चौकोन गोळा करायला लागली. उंबऱ्यात चपला घालता घालता म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दोऱ्यासाठी खोटं बोलणारी बाय संसारात काय खरं बोलायची?" अक्का दुपारच्या गाडीनं परत गेली.

इथपर्यंतचं मी स्वतःला माफ करू शकले असते. सासू समोर, पाच वर्षांची अब्रू पणाला, तोंडातून निघून गेलं. पण आठ दिवसांनी सदूभाऊजी एकटे आले. सासूबाई बाजारात जाईपर्यंत ते समोरच्या दुकानाशी थांबले होते, मी खिडकीतून बघितलं होतं. पाणी दिलं. तांब्या हातात तसाच धरून ते म्हणाले, "वेदिका, आईला मी समजावीन. तुझ्या सासूला काही कळू देणार नाय, माझी शपथ. मला फक्त खरं सांग. तो पलंगपोस कोणी विणला? मला ती बाई खोटी वाटली नाय."

त्यांना अक्का आवडली होती. ते बोलताना त्यांचे कान लाल झाले होते. घरात कोणी नव्हतं. मला कोणी धमकावत नव्हतं. आणि मी काय विचार केला ते ऐका. मला तिसरा महिना होता. सासूबाईंचे गुडघे गेलेले. अक्का लग्न करून मालगुंडला गेली तर माझं बाळंतपण कोण करणार? शिवाय ती याच गोतावळ्यात आली, की प्रत्येक लग्नात, प्रत्येक गणपतीत ती माझ्यासमोर बसून विणणार आणि मी मान खाली घालून बसणार. हा सगळा हिशेब मी त्यांच्या तांब्यातलं पाणी संपायच्या आत केला.

"भाऊजी," मी म्हटलं, "तुम्हाला फसवून काय करू? अक्काला लहानपणापासून तशी सवयच आहे. दुसऱ्याचं दिसलं की आपलं म्हणते. आई आजारी होती ना, तेव्हापासून डोक्यावर थोडा परिणाम झालाय."

ही शेवटची भर कोणी मागितलीही नव्हती. मी आपण होऊन घातली. त्यांनी तांब्या खाली ठेवला, "बरं झालं सांगितलंस," म्हणाले आणि गेले. शिमग्यानंतर त्यांचं जाकादेवीकडच्या एका मुलीशी लग्न झालं. आम्ही सगळे गेलो होतो. मी जिलबी दोनदा मागून घेतली.

मे महिन्यात मला मुलगा झाला आणि अक्का आली. बाळंतविडा घेऊन आली, लोकर पोपटी होती. तिनं मला न्हाऊ घातलं, शेक दिला, अळिवाची खीर केली, मोठीची वेणी घातली, सासूबाईंचे गुडघेसुद्धा चोळले. एका दुपारी सासूबाई आमच्यासमोर सुई आणि दोरा ठेवून म्हणाल्या, "वेदिका, बसूनच हायस तर बहिणीला नीट शिकव. परत कुठं चारचौघांत खोटं बोलायची पाळी नको यायला." आणि तिथेच खुर्ची ओढून बघत बसल्या.

मी सुई हातात घेतली. मला साधी साखळीसुद्धा येत नव्हती. बोटं घामानं ओली झाली, दोरा सुटायला लागला. तेवढ्यात अक्का पुढे सरकली, माझ्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवली आणि विचारलं, "अशी धरायची काय गो? आणि दोरा असा वरून घ्यायचा?" विचारत विचारत तिनं माझ्याच हातानं दहा-बारा खांब घातले. एकदा तर तिनं मुद्दाम टाका चुकवला आणि "चुकला काय?" म्हणून माझ्याकडे बघितलं. सासूबाई खूश झाल्या. "लवकर शिकते हो तुझी बहीण," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी न्हाणीत ती माझ्या पाठीवर कढत पाणी घालत होती. मला राहवेना. तिच्यासाठी नाही, मला स्वतःला हलकं वाटावं म्हणून मी विचारलं, "अक्का, तू रागावली नाहीस ना माझ्यावर?"

"त्या दिवसाचा राग नाय," ती म्हणाली. "सासू समोर उभी. तू तरी काय बोलणार होतीस?"

मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं. तिनं अजून एक तांब्या पाणी घातलं आणि शिकेकाई केसांना चोळायला घेतली.

"ते देवरूखला आले होते," ती म्हणाली. "मालगुंडचे. तुझ्याकडे यायच्या आदल्या दिवशी. मला म्हणाले, तूच सांग काय खरं ते, तू सांगशील ते मी मानीन. मी म्हटलं, माझ्या तोंडून नको. परत खोटी ठरायची मी. वेदिकालाच विचारा. पण ती घरात एकटी असेल तेव्हा विचारा. एकटी असली की ती खरं सांगेल."

तिची बोटं केसांत तशीच सावकाश फिरत होती.

"मग?" मी कसंबसं विचारलं.

"मग काय? वाट बघितली मी. शिमग्यापर्यंत बघितली," अक्का म्हणाली. "मान खाली घाल, डोळ्यांत शिकेकाई जाईल."