शालूताईचा बॉबकट

साखर कारखान्यांचा गळिताचा हंगाम सुरू झाला की श्रीरामपूरच्या हवेत मळीचा वास उतरायचा. आंबूस, गोडसर, किंचित जळका. पाहुण्यांना तो सोसत नसे आणि आम्हाला तो आहे हेच कळत नसे. डिसेंबरच्या संध्याकाळी उसाच्या पात्यांवर दव धरू लागे, रुळांपलीकडे धुके जमिनीपासून हातभर वर तरंगत राही, आणि त्या वासाला थंडीची एक पातळ धार चढे. माझ्या तारुण्यातल्या रात्रींना हाच वास आहे. दुसऱ्या कुठल्या रात्री आम्हा मुलींच्या वाट्याला फारशा आल्याच नाहीत. दिवेलागणीनंतर उंबरा ओलांडायचा नाही, हा नियम आमच्या ख्रिस्ती वस्तीतही शेजारच्या शेतकरी घरांइतकाच कडक होता; तो सैल व्हायचा फक्त नाताळाच्या आधीच्या आठवड्यात, मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, तरुण संघ गाणी गात घरोघर फिरायचा तेव्हा.

त्या आठवड्यासाठी आम्ही वर्षभर नटत होतो असे म्हटले तरी चालेल. मुलांच्या बेलबॉटमचा घेर इतका, की बांधावरून चालताना त्याच्या कडा दवाने भिजून जड होत आणि पावलागणिक फटफट वाजत. कॉलरी खांद्यांकडे धाव घेत, कल्ले गालांवर उतरत. मुली नायलॉनच्या साड्यांवर घरी विणलेले बिनबाह्यांचे स्वेटर घालत, म्हणजे थंडीही भागे आणि ब्लाउजच्या फुग्यांच्या बाह्याही झाकल्या जात नसत. त्या काळातला एखादा फोटो आज पाहिला तर आम्ही सगळेच कुणाचे तरी कपडे मागून आणल्यासारखे दिसतो. तेव्हा मात्र हार्मोनियम गळ्यात अडकवलेला मुलगा पुढे, त्याच्यामागे ढोलकी, आणि बाजूने गॅसबत्ती उंच धरून चालणारे आमचे बाबा, अशी ती मिरवणूक गल्लीत शिरली की जगाचे सगळे सौंदर्य आपल्याच अंगावर उतरले आहे याविषयी आम्हाला शंका नसे. बाबा शाळेत मास्तर होते. ते बरोबर असत म्हणूनच बाकीच्या घरांतल्या मुलींना परवानगी मिळे.

त्या वर्षी शालूताई, माझी थोरली बहीण, मिरजेहून सुटीवर आली. ती तिथे नर्सिंग शिकत होती. टांग्यातून उतरून तिने डोक्यावरचा रुमाल सोडला आणि अंगणात उभ्या असलेल्या आईच्या हातातले सूप तसेच राहिले. ताईची कमरेपर्यंतची वेणी नाहीशी झाली होती. कानांच्या पाळ्यांशी येऊन थांबलेले सरळ, काळेभोर केस, चेहऱ्याभोवती महिरपीसारखे. आईने विचारले, कुणी कापले? ताई म्हणाली, मीच कापून घेतले. का, तर आवडले म्हणून. यापेक्षा मोठे कारण तिच्याकडे नव्हते, आणि एवढेसे कारण आईला पुरणारे नव्हते.

आईची अडचणही खरी होती. नगरचे एक स्थळ ताईसाठी जवळजवळ ठरत आले होते. मुलाची आत्या, मार्थाबाई, आमच्याच मंडळीतली. गावाबाहेर उसाच्या मळ्यात त्यांची वस्ती होती. त्यांनी ताईला लहानपणापासून पाहिले होते आणि भाच्याच्या घरी तिच्या लांब केसांचे वर्णनही करून ठेवले होते. मुलाकडची माणसे नाताळानंतर येणार होती. आईने ट्रंकेतून आपले गंगावन काढले. वर्षानुवर्षे विंचरताना गळालेले स्वतःचेच केस जपून तिने ते घरी गुंफले होते. ताई मुकाट्याने पाटावर बसली. पण त्या आखूड, गुळगुळीत केसांत गंगावन धरेना. गाठ मारली की घसरे, आकडे लावले की लोंबे. शेवटी दोघी हसू लागल्या, आणि हसता हसता आईच्या डोळ्यांत पाणी आले. ते पाहून ताईचे हसणे थांबले.

दुसऱ्या दिवशी आईने शेजारणीला सांगितले, की पोरीला मिरजेला टायफॉईड झाला होता, केस गळायला लागले म्हणून कापावे लागले. कुणाला फसवण्याचा तिचा स्वभाव नव्हता. घाबरलेल्या माणसाच्या हाताला लागते ती फांदी तिने धरली. ताईने ते ऐकले. बाबांनीही ऐकले. त्यांनी चष्मा पुसला.

बातमी आमच्याआधी घरोघर पोचली होती. फेरी सुरू झाली आणि प्रत्येक अंगणात गाणे संपले की बायका ताईभोवती जमत. कुणी तिच्या हातावर जास्तीचे शंकरपाळे ठेवी, कुणी एरंडेल चोळायला सांगे, कुणी नुसतेच डोके कुरवाळी. बरोबरच्या मुलींना खरे काय ते ठाऊक होते. दोन घरांमधल्या अंधारात त्या तिच्या केसांना हात लावून पाहत आणि कात्री कशी धरायला सांगितलीस, असे हळूच विचारत. बेलबॉटमवाली मुले दुरून बघत. त्या केसांत काहीतरी नवे, दूरच्या शहराचे, आमच्या गावाला अजून न कळलेले होते, आणि ते आमच्या रांगेतून चालत होते. मात्र गॅसबत्तीच्या उजेडात शिरले की ते दुखणे होई.

नाताळाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही मार्थाबाईंच्या वस्तीवर गेलो. अंगण शेणाने सारवलेले, दारावर कागदी तारा, आत कंदील. आम्ही दोन गाणी म्हटली. मार्थाबाईंचे मालक आजारी असल्यामुळे बाहेर आले नाहीत. त्या स्वतः डोक्यावर पदर घेऊन पुढे आल्या, ताईचा हात धरून तिला मधोमध उभे केले आणि म्हणाल्या, “लई सोसलं या पोरीनं. समदी डोळं मिटा. आपुन देवाचं आभार मानू.”

आम्ही माना खाली घातल्या. मार्थाबाईंची प्रार्थना साधी होती आणि मनापासून होती. या लेकीला तू मरणाच्या दारातून माघारी आणलंस, ताप उतरवलास, तिच्या आईबापाचं रडणं ऐकलंस, असे त्या देवाला सांगत होत्या. त्यांचा आवाज कापत होता. पुढे कळले, त्यांची स्वतःची एक मुलगी तापातच गेली होती. मी डोळे किंचित उघडले. बाबांच्या हातातली बत्ती हलत होती आणि आमच्या सावल्या अंगणभर मागेपुढे होत होत्या.

“मावशी,” ताई म्हणाली, “मला टायफॉईड झाला नव्हता. केस मी हौसेनं कापलेत.”

प्रार्थना मध्येच थांबली. ढोलकीवाल्याने उगाच ढोलकी काखेतून काढून खाली ठेवली. मार्थाबाई ताईकडे पाहत राहिल्या, रागाने नव्हे. हातातले भांडे कुठे ठेवावे हे न सुचलेल्या माणसासारख्या. मग त्या बाबांकडे वळल्या.

“मंग आभार कशाचं मानू, मास्तर?”

बाबांनी बत्ती या हातातून त्या हातात घेतली. वर्गात एखाद्या मुलाने अवघड प्रश्न विचारला की ते असाच खडू या हातातून त्या हातात घेत.

“पोर सुटीला घरी आली आहे,” ते म्हणाले. “त्याचे माना.”

मार्थाबाईंनी पुन्हा डोळे मिटले आणि तेवढ्याचेच आभार मानले. आमेन झाले. त्यांनी सगळ्यांना गुळाचा चहा दिला, ताईलाही दिला, आणि तो देताना तिच्याकडे पाहिले नाही.

घरी आल्यावर बाबांनी ही हकिगत आईला स्वयंपाकघरात स्वतःच सांगितली. ती करंज्या तळत होती. घाणा पुरा काढून ती एवढेच म्हणाली, की उद्या मंडळीत मी कुठल्या तोंडाने बसू. पण सकाळी ती गेली, आपल्या नेहमीच्या जागी बसली. उपासना सुरू झाल्यावर मार्थाबाई उशिरा आल्या आणि मोकळ्या बाकांवरून नजर फिरवून आईच्या शेजारी येऊन बसल्या. दोघींत एकच गीतपुस्तक होते. 

स्थळ मोडले. नवे वर्ष लागल्यावर निरोप आला, की मुलगी चांगली आहे, पण आमच्या घराला झेपायची नाही. आई काही दिवस खिन्न होती. ताई मिरजेला परतली, शिकली, नाशिकला नोकरीला लागली, आणि पुढे तिच्याच इस्पितळात औषधे देणाऱ्या एका शांत माणसाशी तिने लग्न केले. तोवर बॉबकटची हौस फिटली होती. लग्नात तिचा अंबाडा तिच्याच केसांचा होता.

हल्ली फेरी टेम्पोतून निघते. त्यावर कर्णे बांधलेले असतात, आणि मुलेमुली एकाच रंगाचे टोपीवाले स्वेटर घालून उभ्या-उभ्या गातात. यंदा त्यांनी मला जुन्या फेऱ्यांविषयी बोलायला बोलावले. मी मार्थाबाईंच्या अंगणातली ती संध्याकाळ सांगायची ठरवली. इतकी वर्षे मी ती मनात सत्याच्या धैर्याची गोष्ट म्हणून जपली होती, मुलींना वाढवताना आधारालाही घेतली होती. तरी विचारलेले बरे म्हणून ताईला फोन केला.

ती बराच वेळ आठवत राहिली. कोणती मार्थाबाई, म्हणाली. प्रार्थना आठवेना, बाबांचे वाक्य आठवेना. ते मी सांगितल्यावर तिला आवडले मात्र. मग ती म्हणाली, “मान खाली घातली होती ना आपण, तेव्हा मानेवर गार वारा लागत होता. वेणी होती तोवर तसा कधी लागलाच नव्हता. तेवढं आठवतंय बघ. फार छान वाटत होतं.”

मी विचारले, मग बोललीस कशी? ती हसली. कोण जाणे, म्हणाली, आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी करू लागली.

त्या संध्याकाळी तरुणांसमोर मी गाण्यांविषयी बोलले, बेलबॉटमविषयी बोलले, मुले खूप हसली. शालूताईचे मी काही सांगितले नाही. ती गोष्ट कशाची होती, हे मला आता नक्की सांगता आले नसते.