हसायला काय कापूस लागतोय

“हसायला काय कापूस लागतोय व्हय?” असं म्हणत मामा भुवयांवर बसलेला कापूस झटकायचे आणि पुन्हा आपल्या मागापाशी उभे राहायचे. सोलापुरातल्या आमच्या गिरणीत सगळे त्यांना मामाच म्हणत. माणूस मंद्रूपचा. वीस वर्षं मागावर काढलेली.

मागखात्यात तुम्ही कधी पाऊल टाकलं असेल तर वेगळं सांगायला नको. शेकडो माग एकदम चालतात तेव्हा शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही. तिथलं बोलणं ओठांचं आणि हातांचं. त्यात मामांचं हसू म्हणजे पक्की बातमी. नवा कामगार घाबरत तुटलेला धागा जोडायचा आणि समोरच्या रांगेत मामांकडे बघायचा. मामा हसले की समजावं, गाठ बसली, माग चालू कर.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. डिप्लोमा घेऊन मी नुकताच सुपरवायझर झालो होतो, आणि अंगात मस्ती काय थोडी होती? पहिल्याच आठवड्यात ऐटीत गाठ मारायला गेलो. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा मारून मान वर केली तर समोर मामा हसत होते. माझं डोकंच फिरलं. तडक मॅनेजरकडे जाऊन सांगितलं, हा माणूस मला हसतो. दुसऱ्या दिवशी मामांची बदली घडीखात्यात झाली.

महिन्याभराने आमच्या मुकादमाने चहा पिताना विषय काढला.

“सायेब, त्या दिवशी तुमची गाठ बसली हुती. त्येच सांगत हुते मामा. तुमी उगंच मनावर घेतलं.” मग म्हणाला, “त्यांस्नी ऐकू येत न्हाय. मागावर सगळेच बहिरे, तितं चालून जायचं. तोंड बघून कळतंय त्यांस्नी.”

घडीखात्यात आवाज नाही. माणसं कापडावर वाकून बोलतात, तोंडं दिसत नाहीत. मामा आपले अंदाजाने हसायचे, म्हणून तिथले लोक त्यांना येडं म्हणायला लागले होते. मग मामांनी हसायचंच सोडलं.

मी गेलो. मामा चादरींच्या घड्या घालत होते. लाजेने मान खाली घालून म्हणालो, “मामा, चुकलं माझं.”

“तोंड वर करून बोला की, सायेब. दिसंना.”

मान वर केली तर सगळं खातं हातातलं काम थांबवून आमच्याकडे बघत होतं. माझा धीर सुटला.

“काही नाही,” मी म्हणालो. “बरं आहे ना?”

हे मात्र त्यांना बरोबर कळलं. “व्हय,” म्हणाले आणि पुढची चादर ओढली.

दिवाळीनंतर ते कामावर आलेच नाहीत. मंद्रूपला गेले म्हणे. मीही कधी तिकडे फिरकलो नाही. चारचौघांत माफी मागायला जीभ रेटली नाही, ते एक वेळ सोडा. पण मान वर केलीच होती, तर त्यांच्याकडे बघून नुसता हसलो असतो तरी त्यांना सगळं कळलं असतं. त्याला काय कापूस लागत होता?