गैरहजर पोरांची वही

फोन दत्ताचा होता. "सर, कुसुमताई गेल्या," एवढंच बोलला. मी विचारलं, "कुठं?" ... माणूस गेल्याची बातमी ऐकून असं कुणी विचारतं का? पण तो शब्द गेली बारा-तेरा वर्षं माझ्या तोंडात बसलाय, आणि बसवला ताईंनीच. दत्ताला ते कळलं असावं. "परळीत, घरीच," तो म्हणाला, "तुमाला घ्यायला येऊ का?" या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. रोज लिहायला बसायचो आणि उठायचो. कारण कुसुमताईंबद्दल लिहायचं तर आधी माझा स्वतःचा खोटेपणा सांगावा लागतो, आणि जन्मभर हेडमास्तरकी केलेल्या माणसाला ते जड जातं.

दत्ता हे त्याचं खरं नाव नाही. "पोराचं नाव छापायचं नसतं सर. कायदा नसता तरी छापायचं नसतं," असं ताईंचं म्हणणं असायचं. गावाचं नावही देत नाही, गेवराई तालुक्यातलं, तलवाड्याच्या बाजूचं म्हटलं तरी पुरे. कुसुमताई परिवीक्षा अधिकारी होत्या. म्हणजे काय, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. अठराच्या आतल्या पोरानं गुन्हा केला की त्याला बीडला बाल न्याय मंडळापुढं उभं करतात. पोरानं असं का केलं, त्याच्या घरीदारी काय चाललंय, हे गावात जाऊन बघायचं आणि मंडळाला लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. कुणी काय केलं हे पोलीस विचारतात. का केलं, हे विचारणारं माणूस मी आयुष्यात तेवढं एकच पाहिलं.

दत्ता आमच्या हायस्कुलात नववीला होता. संक्रांतीच्या आधीचे दिवस. एका मंगळवारी सकाळी शेतातल्या पंपाची केबल कापताना तो सापडला. वरचं रबर जाळून आतलं तांबं भंगारवाल्याला विकायचं, असं दोन महिने चाललं होतं. गावानं त्याला विजेच्या खांबाला बांधलं. ज्याला जमेल त्यानं हात साफ करून घेतला. मी तिथं होतो. सोडा, असं म्हणालो नाही. उलट, "असल्यांना रिमांड होममध्येच टाकलं पाहिजे," हे चारचौघांत मोठ्यानं मीच बोललो. मास्तर बोलला म्हणताना लोकांना जोर चढला. पोलिसांनी येऊन दोर सोडला तेव्हा पोराला हात खाली घेता येईनात.

चार दिवसांनी कुसुमताई एसटीतून उतरल्या. खांद्याला कापडी पिशवी, पायात साधी चप्पल. माझ्या ऑफिसात आल्या आणि बसण्याआधी पदरानं खुर्ची पुसली. माझं डोकं तिथंच फिरलं. "खुर्ची स्वच्छ आहे, मॅडम," मी म्हणालो. "असंल की," त्या हसून म्हणाल्या, "आमच्या परळीत थर्मलच्या वीजकेंद्राची राख पडती. पुसल्याबिगर बसवतच न्हाई." मग त्यांनी नववीचा हजेरीपट मागितला. बोट ठेवून ओळ वाचत गेल्या, पान उलटलं, परत मागं आल्या.

"सर, दत्ता मंगळवारी अकराच्या सुमाराला शेतात धरला ना?"

"हो."

"मंगळवारी तो तुमच्या वर्गात बसलाय."

आता हे सांगायलाच हवं. आमच्याकडं दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. कुणी पोरं बरोबर नेतं, कुणी मागं ठेवतं. वर्ग ओस पडतात. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, शाळेची एक जागा जाते. म्हणून गेलेल्या पोरांची हजेरी आम्ही तशीच भरत राहायचो. सगळेच भरतात, त्यात काय एवढं, असं वाटायचं. शाळा वाचवतोय, असंही वाटायचं. दत्ता आठवडेच्या आठवडे शाळेत नव्हता आणि माझ्या वहीत एक दिवस चुकला नव्हता.

मी चिडलो. चोर तो चोर, वर शिरजोर, अशी माझी गत. "मग काय, माझ्यावर केस करता?" म्हणालो. ताईंचा आवाज चढला नाही. "तुमच्यावर कशाला करू? मला एवढंच सांगा, पोरगं शाळेत यायचं कधी बंद झालं? ताप कधी चढला तेच घरच्यांना ठाऊक नसलं तर डॉक्टर तरी काय करील?" ती तारीख माझ्याच हातानं बुजवली होती. खऱ्या गैरहजेरीची एक खूण असती तर कुणीतरी, निदान मी, विचारलं असतं की पोरगं गेलं कुठं.

ताई उठल्या आणि सरळ नववीच्या वर्गात जाऊन पोरांमध्ये खाली सतरंजीवर बसल्या. चोरीचं नाव काढलं नाही. दत्ता कुणाकडं जेवायचा, निजायचा कुठं, हेच विचारत राहिल्या. आई-बाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलेले, थोरला भाऊ-भावजय पण गेलेली, शेजारच्या म्हातारीकडं दोन भाकरी ठरवलेल्या, हे हळूहळू निघालं. "मग साळंत कावून येत नव्हता?" त्यांनी विचारलं. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी सविता नावाची मुलगी उभी राहिली. ती माझ्याकडं न बघता बोलली, "सर म्हनले हुते, कापडाचा वास येतोय, धुऊन मंगच ये. त्याची आई न्हवती ना धुवायला. मंग तो आलाच न्हाई."

मी दारात उभा होतो. मी तसं म्हणालो होतो. नक्की म्हणालो असणार, रोज कुणाला ना कुणाला म्हणायचोच. पण आठवत नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. परत ऑफिसात आलो तेव्हा मला वाटलं, आता ही बाई मला सोलून काढणार. त्या म्हणाल्या, "एकट्या तुमच्यामुळं न्हाई झालं हे. घर बंद झालं, भंगारवाल्यानं हातावर नोटा ठेवल्या, गावानं चोर म्हनलं. पण साळंचं दार तेवढं उघडं राहिलं असतं तर..." पुढं मी विचारलं, की त्यानं चोरी केली हे तर खरं ना? "केलीच हाय. ते मी कुठं नाकारते? त्यालाबी तेच सांगनार हाय. अहवालात मी दिसलं ते लिहिनार. वहीचं काय करायचं ते तुमी ठरवा." आणि साडेचारच्या एसटीनं गेल्या.

संध्याकाळी मी कोरा कागद पुढं घेऊन बसलो. लिहावं तर नोकरी जायची, न लिहावं तर मंडळ म्हणणार की रोज शाळेत येणारं, सगळं असलेलं पोरगं चोरी करतं, म्हणजे मुळातच वाईट. माझी बायको फटकळ. ती भाकरी थापताना म्हणाली, "खोटं लिहिताना हात कापला न्हाई, आन खरं लिहिताना कापायलाय व्हय?" मग लिहिलं. हजेरी खोटी आहे, मी भरली आहे, मुलाला मीच घरी पाठवलं होतं. तो कागद घेऊन मी स्वतः बीडला गेलो.

माझी बदली झाली. शाळेतली एक जागा गेली, आणि ज्या सहकाऱ्याची गेली तो दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. त्याचंही काय चुकलं? दत्ताची आई मात्र उसाच्या फडावरून एकटी परत आली. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आमच्याकडं. मुकादमाची बोलणी खात बाप अर्ध्या कोयत्यावर राहिला. मंडळानं पोराला आईच्या ताब्यात, ताईंच्या देखरेखीखाली सोडलं. तो लगेच सुधारला असं समजू नका. पुढं आयटीआयला घातला तर तिथून दोनदा पळाला, एकदा ताईंनी त्याला तिकडं परळीच्या स्टेशनवर गाठून चहा पाजून परत आणला. रागावल्या नाहीत का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "लई रागावले. पण चहा पाजल्यावर."

मला त्यांनी एक साधी शंभर पानी वही दिली होती. हजेरी घेताना जो नाही त्याचं नाव तिच्यात लिहायचं आणि पुढं लिहायचं, कुठं हाय. पोरांना विचारायचं. कुणालाच ठाऊक नसेल तर दुपारच्या सुट्टीआधी कुणीतरी जाऊन बघून यायचं. बस, एवढंच. पहिल्या महिन्यात मला ते कटकटीचं वाटलं. मग एका पोरीचं ठरत असलेलं लग्न त्या वहीमुळं कळलं, एक पोरगा वीटभट्टीवर सापडला. वह्या भरत गेल्या. निवृत्तीनंतर ऊसतोड्यांच्या पोरांच्या हंगामी वसतिगृहात सकाळची हजेरी घ्यायला जातो, तिथंही तीच वही चालू आहे.

दिवाळीनंतर ताईंना शेवटचं भेटलो. आजारानं लई बारीक झाल्या होत्या. तरी माझ्यासाठी खुर्ची पुसली. पहिला प्रश्न ठरलेला, "दत्ता कुठं हाय?" म्हटलं, गेवराईत, मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलंय, पंपाच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची तार भरतो. त्या उशीला टेकून कितीतरी वेळ हसल्या. "तांब्याच्याच नादात राहिला म्हना," म्हणाल्या. मला त्यांचे आभार मानायचे होते. ते काही जमलं नाही. म्हणून इथं मानतो आहे. ताई, तुम्ही त्या पोराला वाचवलंत हे सगळे म्हणतात. मलाही वाचवलंत, हे फक्त मला ठाऊक आहे.

ताईंना पोचवून परळीहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वसतिगृहात गेलोच नाही. ओट्यावर बसून होतो. बारा वाजायच्या आत फाटक वाजलं. सहावीतली एक मुलगी आणि तिच्या मागं तिचा धाकटा भाऊ, तिच्या हातात वही.

"सर, तुमी आले न्हाईत. कुठं हाय ते कुनालाच ठाऊक नव्हतं. मंग बघायला आलो."

माझं नाव त्या वहीत कधीच नव्हतं. तिनं ते त्या दिवशी सगळ्यांच्या खाली लिहिलं होतं, 'सर', आणि पुढची जागा कोरी ठेवली होती. "काय लिवू?" तिनं विचारलं. ती पायरीवर बसली, पेनाचं टोपण काढलं आणि थांबली. तिला काही घाई नव्हती. शेवटी मी म्हणालो, "लिही, घरी आहेत." तिनं लिहिलं, वही मिटली आणि उठून म्हणाली, "चला मंग."

मी चपला घातल्या.