सहावी पट्टी

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दुर्बीण स्वयंपाकघरात गुडघे टेकून बसली होती. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात सिंकखालून काढलेली झुरळांची चिकट पट्टी. पट्टीवर दोन झुरळं. तिने पट्टी उजेडात तिरकी धरून पाहिली, मग उलटी केली. मागे तिच्याच अक्षरात मार्करने लिहिलं होतं, 'सिंक'. पट्टी जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून ती फ्रिजमागच्या पट्टीकडे वळली.

दुर्बीण हे नाव शर्टांच्या कारखान्यातलं. तिथे बावीस वर्षं ती तपासणीच्या टेबलावर होती. ती मशिनांमधल्या गल्लीत शिरली की शिलाईवाले एकमेकांना म्हणायचे, "दुर्बीण आली, सरळ बसा." कॉलर वाकडी निघाली तर ती कॉलर लावणाऱ्याला कधी बोलली नाही. शर्ट हातात घेऊन ती एकेक टेबल मागे मागे जायची. चूक जिथे सुरू झाली तिथे थांबायची आणि मग बोलायची. त्या माणसाला ते बोलणं आठवडाभर पुरायचं.

शुक्रवारी तिने नोकरी सोडली होती. मुलीची बाळंतपणाची रजा संपत होती, आणि सोमवारपासून नातू दिवसभर आजीकडे राहायचा असं ठरलं होतं. ठरलं होतं, पण अटीवर. दोन महिन्यांपूर्वी जावई बाळाला घेऊन आला होता. दुधाच्या बाटलीचं झाकण काढलं तर आतून एक झुरळ निघालं आणि त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत चालत गेलं. जावयाने दूध ओतून दिलं, बाटली कचऱ्यात टाकली, बाळ उचललं. रात्री मुलीचा फोन आला, "आई, आधी घर साफ, मग बाळ."

दुर्बीण कामाला लागली. कपाटं रिकामी केली, डबे उकळत्या पाण्यातून काढले, भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवल्या. झुरळं कमी झाली नाहीत. मग ती कारखान्यातल्यासारखी मागे मागे गेली. सिंकवरून पाइप, पाइपवरून डक्ट, डक्टमधून वरचा मजला. वर क्लासवाल्या बाई राहत. संध्याकाळी त्या शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेत. मुलं जिन्यात बसून बिस्किटं खात आणि चुरा पायऱ्यांवर पडे. दुर्बिणीला चूक सापडली.

ती काड्यापेटीत मेलेलं झुरळ घालून वर गेली. पेटी उघडून दाखवली.

"हे तुमचं."

"माझं?" क्लासवाल्या बाईंनी चष्मा लावून पाहिलं. "नाव घातलंय का त्यावर?"

"चेष्टा नको. माझ्या नातवाच्या बाटलीत निघालं."

"मग बाटली तुमच्याकडे होती ना? माझ्या घरात येऊन बघा. एक दाखवलंत तर मी क्लास बंद करते."

दुर्बीण आत गेली नाही. तिला बघायची गरज वाटली नाही. ती सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेली, आणि एकदाच नाही. शेवटी तळमजल्यावरच्या फळ्यावर सूचना लागली. झुरळांचा उपद्रव तिसऱ्या मजल्यावरून होत असून संबंधितांनी फवारणी करून घ्यावी. तिसऱ्या मजल्यावर संबंधित एकच होत्या.

फवारणीवाला आला. माशांची टाकी झाका, एवढं त्याने सांगितलं. बाईंनी टाकीवर चादर टाकली. हवेचा पंप चालूच राहिला. खोलीतली फवाऱ्याची हवा तो घरघर करत पाण्यात सोडत राहिला. संध्याकाळी मुलं क्लासला आली तेव्हा सगळे मासे आडवे होऊन वर तरंगत होते. बाई ते मासे मुलांकडून मोजून घ्यायच्या, रंगांवरून गणितं घालायच्या. आता ती टाकी त्यांच्या दाराबाहेर आहे. तिच्यात छत्र्या ठेवतात.

दुर्बिणीने हे ऐकलं तेव्हा तिला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला. कारण मासे गेले आणि झुरळं होती तशीच होती.

म्हणून या पट्ट्या. पाकिटात सहा होत्या. सिंक, फ्रिज, न्हाणीघर, कपाट आणि डक्टची खिडकी. पाच लावून झाल्या, सहावी उरली. ठेवून तरी काय करायचं म्हणून तिने ती नवऱ्याच्या टेबलाखाली सरकवली होती.

नवरा मिक्सरवाला. बाजारात त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. ते वर्षभरापूर्वी बंद झालं आणि टेबल बाहेरच्या खोलीत आलं. तेव्हापासून घरात एक नियम होता. टेबलाखाली झाडू घालायचा नाही, स्क्रू हरवतात. सगळ्या घराची सालं काढणारी दुर्बीण त्या टेबलाला वळसा घालून झाडायची. तिला तो कामाचा मान वाटायचा. तिच्या टेबलालाही कारखान्यात कोणी हात लावत नसे.

आता ती टेबलासमोर वाकली आणि सहावी पट्टी ओढली. पट्टी जड लागली.

पट्टीवर जागा उरली नव्हती. मोठी झुरळं होती, तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं होती आणि अंड्यांच्या तपकिरी कुप्या होत्या. ज्यांना चिकटायला जागा मिळाली नव्हती ती आधीच्यांच्या पाठींवर चिकटली होती. तिने बाकीच्या पाच पट्ट्या आणून शेजारी मांडल्या. खिडकीची पट्टी कोरी होती. वरून काहीच येत नव्हतं.

टेबलाशेजारी गिऱ्हाइकांचे मिक्सर प्लास्टिकच्या पिशव्यांत रांगेने उभे होते. तिने सगळ्यात जवळची पिशवी कानाशी नेली. आत बारीक कुरकुर चालली होती. तिने पिशवी मोरीत नेली, मिक्सर उपडा केला, नवऱ्याचाच पेचकस घेऊन तळ उघडला. मोटारीच्या तारांतून झुरळं एकदम बाहेर सांडली. तिने नळ पूर्ण सोडला आणि मोरीच्या दारावर हात ठेवून उभी राहिली.

नवरा चहाचा कप घेऊन आला.

"अगं, तो त्या बेकरीवाल्याचा आहे. पाण्यात काय घातलास?"

"आत काय होतं माहीत आहे?"

"असतात. मोटारीत ऊब असते, कण साचलेले असतात. उघडला की निघतातच."

"कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे? दुकानातपण निघायची. तिथे गटारात झटकायचो."

"आणि इथे?"

तो चहा प्यायला. "बाल्कनीत झटकतो ना मी."

"म्हणजे घरातच." तिचा आवाज चढला नाही. कारखान्यातल्या लोकांनी हा आवाज ओळखला असता. "दोन महिने मी डबे उकळतेय. हाताची सालं निघाली. तुम्ही समोर बसून बघत होता. एकदा तोंड उघडलं नाहीत."

"सांगणार होतो."

"कधी? नातू शाळेत गेल्यावर?"

"तू वरच्या बाईंच्या मागे लागलेलीस," तो म्हणाला, आणि इथे त्याने घात केला, कारण तो खरं बोलला. "म्हटलं, राग वर चाललाय तर चालू दे. इकडे वळला तर टेबल जाईल माझं. दुकान गेलंच होतं."

तिने त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि चहा मोरीत ओतला.

"त्यांचे मासे मेले."

"मी थोडीच फवारलं?"

"नाही. मी फवारायला लावलं. तुम्ही फक्त मूग गिळून बसलात." ती टेबलाकडे वळली. "उचला. दुपारच्या आत हे घराबाहेर पाहिजे."

"कुठे नेऊ?"

"सायकलींच्या शेडमध्ये. मोठ्या टबात साबणाचं पाणी करायचं, आणि मिक्सर उघडायचा तो त्याच्यावर धरूनच. एकही खाली पडता कामा नये. मी बघायला आहे. आता मला दुसरं काम नाही."

सहावी पट्टी वर्तमानपत्रात धरून ती वर गेली. छत्र्यांच्या टाकीपाशी तिचा पाय क्षणभर अडला. क्लासवाल्या बाईंनी दार उघडलं, पण पुरतं नाही.

"आता काय आणलंत?"

"आमच्या घरातलं आहे. आमच्या टेबलाखालचं. मिक्सरांतून येत होती. तुमच्याकडून एकही येत नव्हतं. चूक माझी झाली."

बाईंनी पट्टी पाहिली. नाक मुरडलं नाही.

"हे मला कशाला सांगता? मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"माफी मागायला आले."

"मुलं अजून विचारतात, बाई, मासे कधी आणणार. त्यांना काय सांगू? खालच्या आजींची दुर्बीण चुकली?"

हे नाव इमारतीत कोणाला माहीत आहे, असं दुर्बिणीला वाटलं नव्हतं.

"सेक्रेटरींना सांगा," बाई म्हणाल्या. "माझं नाव त्यांच्या फळ्यावर लागलं होतं." दार बंद झालं. आपटलं नाही, नुसतं बंद झालं.

सेक्रेटरी दाढी करत होते. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून त्यांनी ऐकून घेतलं. "मिटलंय ना ते आता? कशाला पुन्हा उकरता? लोक हसतील तुम्हाला."

"हसू देत. खडू द्या."

तिने फळ्यावर स्वतःच लिहिलं. झुरळं दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरातून येत होती, तिसऱ्या मजल्याचा दोष नव्हता. खाली घराचा क्रमांक घातला. पेपर टाकायला आलेला माणूस थांबून वाचू लागला तेव्हा ती त्याला म्हणाली, "वाचा, वाचा. मोठ्याने वाचलंत तरी चालेल."

घरी येऊन तिने मुलीला फोन लावला. तिकडे बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

"बरं झालं केलास, आई. उद्याची त्याची पिशवीच भरतेय. झालं ना सगळं?"

"नाही झालं. आणू नकोस त्याला."

"असं काय करतेस? माझी उद्यापासून ड्युटी आहे. तूच म्हणालीस, वरच्या बाईंनी फवारणी केली."

"त्यांच्याकडे नव्हतीच. आपल्याकडेच होती, बाबांच्या टेबलाखाली."



"तू नोकरी सोडलीस ना गं त्याच्यासाठी," मुलगी म्हणाली.

"सोडली. तरी घर पास झालेलं नाही. तुझ्या ऑफिसजवळचं ते पाळणाघर आहे ना, तिथे ठेव."

"किती दिवस?"

"पट्ट्या सलग दोन आठवडे कोऱ्या निघेपर्यंत."

मुलगी हो म्हणाली. हो म्हणताना तिचा सुटकेचा श्वास ऐकू आला, आणि तो दुर्बिणीला सकाळपासूनच्या कुठल्याही बोलण्यापेक्षा जास्त झोंबला. तिने फोन ठेवला. बाहेरच्या खोलीत नवरा टेबलाचे पाय सोडवत होता. एक स्क्रू निसटून गडगडत सोफ्याखाली गेला. तो तिच्याकडे बघत राहिला.

"शोधा," ती म्हणाली आणि केरसुणी घेऊन, वर्षभर टेबलाखाली असलेली फरशी झाडायला बसली.

उद्या सोमवार. साडेआठला बाळ पाळणाघरात जाईल. नऊ वाजता सायकलींच्या शेडमध्ये साबणाच्या पाण्याच्या टबावर पहिला मिक्सर उघडला जाईल, आणि त्याची पिशवी आधी दुर्बीण तपासेल.